हात बसेपर्यंत

आमच्या उंद्रीच्या घरात सकाळ व्हायची ती दोन आवाजांनी. एक गिरणीचा. गावाच्या टोकाला डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी होती. तिच्या धुराड्यावर मालकाने मडकं उपडं घातलेलं असायचं, त्यामुळे तिची पुकपुक पार शेतापर्यंत ऐकू जायची. दुसरा आवाज अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते अंगणात उकिडवे बसून, भिंतीला आरसा टेकवून दाढी करायचे आणि ब्रश पितळी वाटीच्या काठावर टणटण झटकायचे. त्या टणटणीवर माय चुलीवर चहाचं आधण ठेवायची आणि मी गोधडीतून बाहेर यायची. फौज सोडून आले तरी अप्पांनी दाढीचा एक दिवस चुकवला नाही. गावातले बाकीचे पुरुष बाजाराच्या दिवशी न्हाव्यापुढे बसत. आत्या म्हणायची, "रोज रोज काय खरडतं रे? कोन सायेब येऊन राह्यला तपासाले?" अप्पा नुसते हसायचे. आत्या त्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून वरवट बकालचं सासर सोडून ती आमच्याकडेच राहायची, आणि घरात तिचा शब्द मायच्या शब्दाहून जड होता.

अप्पा पेन्शनीवर घरी आले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. बैलगाडीतून त्यांची काळी ट्रंक उतरली, होल्डॉल उतरला, आणि शेवटी कॅनव्हासची एक उभी पिशवी उतरली. तिच्या तोंडातून लोखंडी दांड्यांच्या मुठी बाहेर आलेल्या. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कोणाला वाटलं बंदुका आहेत. आत्याने एक दांडा ओढून पाहिला आणि म्हणाली, "काय रे, घर बांधाले सळया आनल्या काय?" ती गोल्फची आयर्नं होती, म्हणजे चेंडू मारायच्या लोखंडी काठ्या, प्रत्येकीवर तिचा नंबर. अप्पांची शेवटची काही वर्षं एका छावणीत गेली. तिथल्या गोल्फच्या मैदानावर त्यांची ड्यूटी असायची. गवत कापायचं, पाणी द्यायचं, साहेबलोकांच्या पिशव्या वाहायच्या. साहेबलोक गेले की उरलेल्या उजेडात अप्पा स्वतः दोन-चार चेंडू मारायचे. एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली जुनी आयर्नं अप्पांना देऊन टाकली. संच पुरा नव्हता. तीन नंबर हरवलेला होता आणि सहाची दांडी किंचित वाकलेली. पण अप्पा दर रविवारी तेलाच्या फडक्याने ती पुसायचे, आणि पुसताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की त्या वेळी त्यांना कोणी हाक मारत नसे.

गावाच्या उत्तरेला सरकारी गायरान होतं. आमच्याकडे त्याला सगळे ई-क्लास म्हणतात. मुरमाड जमीन, मधूनमधून पळस आणि बोरी, पावसाळ्यानंतर गुडघाभर कुसळी गवत. तिथे अप्पांनी आपलं मैदान काढलं. डालड्याचा डबा जमिनीत पुरून त्याचं भोक केलं, वेळूच्या काठीला मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून झेंडा रोवला. भोकाभोवती हिरवळ कुठून आणणार? त्यांनी तिथली जागा खोऱ्याने सपाट केली आणि मायला म्हणाले, "जरा सारवून दे वं." माय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आंगन सारवू, का हे तुमचं मैदान?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शेणाची पाटी घेऊन आली. मी तिच्याबरोबर हात फिरवला. तेव्हापासून शनिवारी अंगण आणि ई-क्लासवरचं ते वर्तुळ दोन्ही सारवली जायची. गुरं वळणारे लोक थांबून बघायचे. आत्या म्हणायची, आमचा भाऊ फौजेतून आला पण त्याचं डोकं तिकडंच राह्यलं.

मी अप्पांच्या मागे मागे जायची, चेंडू वेचायला. चेंडू मोजकेच होते. पांढरे चेंडू गवतात दिसायचे नाहीत, म्हणून अप्पा ते गेरूने रंगवायचे. एकदा मी सात नंबर उचलला. तो माझ्या गळ्यापर्यंत यायचा. मी तो अर्ध्यात धरून फिरवला, आणि चेंडू उडाला. फार नाही, एका बोरीपासून दुसऱ्या बोरीपर्यंत. त्या संध्याकाळी अप्पांनी अंगणात बसून हेक्सॉ करवतीने सगळ्या दांड्या माझ्या उंचीला कापल्या. मुठींवर सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळली. कापल्यामुळे तोल गेला होता, तर फाळाच्या पाठीला शिशाचे तुकडे चिकटवले. आयर्नच्या खालच्या लोखंडी भागाला अप्पा फाळच म्हणायचे, नांगराच्या फाळासारखं. त्यानंतर त्यांना स्वतःला ती आयर्नं वापरता येण्यासारखी राहिली नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मुलांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं, मोठ्यांचं खेळून झालं असेल.

त्या आयर्नांनी मी पाच-सहा वर्षं खेळले. खेळले म्हणजे काय, शाळेतून यायचं, भाकरीत तेल-तिखट गुंडाळून खायचं, आणि उन्हं कलेपर्यंत ई-क्लासवर मारत राहायचं. त्यांचा आवाज मला अजून मनगटात ऐकू येतो. चेंडू बरोबर बसला की टक् असा कोरडा, छोटा आवाज व्हायचा, आणि हाताला काहीच लागायचं नाही. लागलं तर समजायचं की चुकलं. मी वाढत गेले तशी ती आयर्नं मला आखूड पडायला लागली, पण मी नुसती आणखी वाकायला शिकले. माझं सगळं शरीर त्या आखूडपणाभोवती घडलं होतं. पाय रुंद, कंबर खाली, हात अंगाला चिकटून. लांबून बघणाऱ्याला मी शेतात निंदायला बसले आहे असं वाटायचं, अप्पा म्हणायचे. पण चेंडू जायचा. अप्पा झेंड्याजवळ उभे राहायचे आणि मी इकडून मारायची, आणि पुष्कळदा त्यांना एका पावलापेक्षा जास्त हलावं लागायचं नाही. रविवारी माय दुपारी टोपलीत जेवण घेऊन यायची. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि वरण. पळसाखाली बसून आम्ही तिघं जेवायचो. रोडगा फोडला की आतून वाफ यायची आणि राखेचा किंचित वास. मी त्या जेवणाइतकं सुखाचं नंतर कुठे जेवले असेन असं मला वाटत नाही.

माझी अकरावी संपत आली आणि आत्याने वरवट बकालचं स्थळ आणलं. तिच्या सासरच्या नात्यातलंच. मुलगा शिकत होता, माणसं चांगली होती, शेती पाण्याखालची होती. आत्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तोवर सासरी गेल्या होत्या. अप्पा म्हणाले, "एक साल थांब." आत्याने विचारलं, "काऊन? सालभरात काय होनार हाय?" तेव्हा अप्पांनी मनातलं बाहेर काढलं. छावणीच्या मैदानावर दर हिवाळ्यात तरुण मुलामुलींची निवड होते. निवडलेल्यांना तिथेच ठेवून घेतात, शिकवतात, कॉलेजात घालतात. "पोट्टीचा हात बसलेला हाय. एकदा सायेबाले दाखवतो." आत्याने पदर खोचला. मग म्हणाली, "घेतली तं घेतली. नाई घेतली तं मंग माह्यं आयकाचं." अप्पा हो म्हणाले. माय चुलीपुढे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मला कोणी विचारलं नाही, पण मी मनातल्या मनात छावणीच्या बसमध्ये बसले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा आणि मी छावणीत गेलो. पहिल्यांदा मी खरं हिरवं मैदान पाहिलं. त्यावर पाय ठेवायलाच जीव धजेना. चप्पल काढून हातात घेतली, तर अप्पा हसले. मैदानाचा कारभार बघणारे एक निवृत्त कर्नल होते. पुण्याकडचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. अप्पांना बघून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि अप्पा एकदम ताठ झाले. मी माझी कापलेली आयर्नं काढली तेव्हा आजूबाजूची मुलं हसली. कर्नल हसले नाहीत. मी मारायला लागले आणि ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाळ, तुला हे कुणी शिकवलं?" मी अप्पांकडे बोट केलं. कर्नल अप्पांना म्हणाले, "हिला हिवाळ्यात घेऊन ये. नक्की घेऊन ये. आता ही उंच झालीय, अशी वाकून खेळली तर पुढे कंबर धरेल. माझ्या मुलीचा संच पडून आहे, तिचं लग्न होऊन ती परदेशी गेली. मी पाठवून देतो." अप्पा म्हणाले, "जी सायेब." परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून सारखे हसत होते. माणूस आपल्याशीच हसत असला की किती तरुण दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पोळा झाल्यावर तो संच आला. एसटीच्या पार्सलने चिखलीच्या स्टँडवर एक लांब खोकं उतरलं आणि अप्पा ते सायकलला बांधून घरी घेऊन आले. आम्ही ते ओसरीत उघडलं. आतून चकचकीत आयर्नं निघाली. तीनपासून नऊपर्यंत सगळी, एकही कमी नाही. फाळाची पाठ वाटीसारखी कोरलेली, दांड्या बारीक आणि लवचिक, मुठींना मऊ काळं रबर. आत्यासुद्धा जवळ आली. मायने हळदीकुंकू लावलं. मी सात नंबर हातात घेतला आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की यात काहीच वजन नाही. कणगीत हात घालावा आणि ज्वारीऐवजी कोंडा लागावा, तसं.

पहिल्या दिवशी पहिला चेंडू डावीकडे गेला. दुसराही. तिसरा जमिनीवरून सशासारखा पळत गेला. दांडी लांब होती, म्हणून मला सरळ उभं राहावं लागे, आणि सरळ उभी राहिले की माझे हात कुठे असायला हवेत हे मला कळत नसे. ती लवचिक दांडी माझ्या जोराने वाकायची आणि फाळ माझ्या आधीच चेंडूपाशी पोचायचा. आवाजही निराळा. टक् नाही, टिंग असा, रिकाम्या पेल्यावर चमचा वाजल्यासारखा. त्यातून चुकलं का बरोबर बसलं, हे हाताला कळायचंच नाही. अप्पा सांगायचे, सावकाश, सावकाश फिरव. मी सावकाश फिरवलं की चेंडू अर्ध्यात पडायचा. भाद्रपद गेला, नवरात्र आलं. सोयाबीन काढणीला आलं तरी चेंडू डावीकडेच. गवतातून चेंडू शोधताना कुसळं सलवारीत घुसायची, आणि संध्याकाळी माय चिमणीजवळ बसून ती एकेक काढायची. ती काढताना म्हणायची, "होईन. सूनही घरात रुळाले टाइम लागते." मी म्हणायची, "हिवाळ्याले किती टाइम राह्यला?" त्यावर ती पुन्हा कुसळं काढायला लागायची.

आता म्हातारपणी, गेल्या वर्षी, मी नवी कवळी बसवून घेतली. घास चावताना गाल चावला जायचा, 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. बुलढाण्याचा तो तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, सवय होईपर्यंत जुनी टाकू नका. जेवायला जुनी लावा, बोलायला नवी. हळूहळू जमेल." मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

जुनी आयर्नं ओसरीतल्या खुंटीवर होतीच. दसऱ्यानंतर मी काय करायला लागले, तर नव्या पिशवीत जुना सात लपवून न्यायची. अप्पा शेतात असले की तासभर नव्याने मारायची, आणि जीव रडकुंडीला आला की जुना काढायची. जुन्याने मारलं की सगळं पुन्हा जागेवर यायचं. चेंडू सरळ, आवाज टक्. मी स्वतःची समजूत घालायची, की हे नुसतं मन शांत करायला. पण दुसऱ्या दिवशी नवा हातात घेतला की तो आणखीनच परका लागायचा. एका दुपारी मी असंच जुन्याने मारत होते आणि मान वर केली तर अप्पा झेंड्याजवळ उभे. हातात वैरणीचा भारा. माझा चेंडू त्यांच्या पायाशी जाऊन थांबला होता. मला वाटलं, ओरडतील. ते आले, भारा खाली ठेवला, आणि दगडावर बसले.

"आमच्या पलटनीले नवी रायफल आली ना," ते म्हणाले, "तं जुनी त्याच दिवशी जमा करून घेतली. कोनाले हात लावू देल्ला नाई. मले लय राग आला होता. त्या रायफलीसंगं मी पाच सालं झोपलो होतो. पन जुनी जवळ असती ना, तं मी नवीले कधीच जीव लावला नसता."

"अप्पा, मी याच्यानंच मारतो ना निवडीत. जुन्यानंच."

"सायेबानं नवी पाठवली हाय. त्यायच्यापुढं जुनी घेऊन जाचं? काय म्हनतीन थे?"

भारा डोक्यावर घेऊन ते पुढे निघाले आणि मी पिशवी घेऊन मागे.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आले तर खुंटी रिकामी होती. ओसरीत फडक्यावर नवी कोरी खुरपी मांडलेली. लाकडी मुठी, काळं-निळं पातं, धार लावलेली. अप्पांनी आयर्नं लोहाराच्या भट्टीवर नेली होती. ते खुरपं उचलून नखाने वाजवून मायला दाखवत होते, "पाह्य, कसं पक्कं हाय. विलायती लोखंड. जलमभर झिजनार नाई." मायने माझ्याकडे पाहिलं आणि खुरपं हातात घेतलं नाही. आत्याने घेतलं. एका पात्याच्या बुडाशी नऊचा अर्धा आकडा अजून दिसत होता. मी दप्तर घेऊन तशीच मागच्या दाराने निघून गोठ्यात गेले. अप्पा थोड्या वेळाने आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्यासाठीच केलं वं बाई. आता मागं पाहाचं नाई." त्यांच्या हाताला भट्टीचा वास येत होता. ते खरंच माझ्यासाठीच केलं होतं. त्यांच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते त्यांनी दोनदा मोडलं, एकदा कापून आणि एकदा भट्टीत घालून, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. म्हणूनच त्यांच्यावर रागावायला मला जागा उरली नाही.

मागे काही नव्हतं, तेव्हा मी पुढेच बघितलं. थंडी पडली. तुरी फुलल्या. मी पहाटे दव असताना जायची, शाळेतून आल्यावर जायची. थोडा फरक पडायला लागला होता, हे खरं. दहा चेंडूंत तीन-चार सरळ जायचे. पण ते कसे गेले हे मला सांगता यायचं नाही, आणि जे सांगता येत नाही ते पुन्हा करता येत नाही. निवडीच्या आदल्या दिवशी मायने तिळाच्या दशम्या बांधून दिल्या. आत्याने निघताना माझ्या हातावर दही ठेवलं. तिच्या मनात काय असेल ते असो, दही तिने ठेवलं.

छावणीत पुष्कळ मुलं आली होती. त्यांच्याबरोबर त्यांचे आईवडील, मोटारी, पाण्याच्या थर्मास. ओळीने उभं राहून दूरच्या झेंड्याकडे चेंडू मारायचे होते. माझी पाळी आली. पहिला चेंडू डावीकडे झाडीत गेला. दुसरा जमिनीवरून पळाला. तिसरा बरा गेला. मग पुन्हा डावीकडे. माझ्या तळव्यांना घाम आला होता आणि ती मऊ मूठ सरकत होती. निवड करणाऱ्या माणसांमधून कर्नल उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातला सात घेऊन पाहिला, परत दिला, आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, तुझी ती आखूड आयर्नं कुठं आहेत? जा, काढ पिशवीतून. त्यांनीच मार."

मी अप्पांकडे पाहिलं. ते दोरीपलीकडे उभे होते. कर्नलसाहेबांनीही त्यांच्याकडे पाहिलं. "अरे, तिची जुनी नाही आणलीस? मी ही पाठवली ती सावकाश सवय व्हावी म्हणून. वर्ष-दोन वर्षं लागतात. आज तिनं जुन्यांनीच खेळायचं होतं."

अप्पा ताठ उभे होते, साहेबांपुढे उभे राहत तसे. "मोडले, सायेब," ते म्हणाले.

"मोडली? सगळीच?"

"जी सायेब. सगळेच."

कर्नलांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मार तू. घाबरू नकोस." मी उरलेले चेंडू मारले. ते कुठे गेले ते मी पाहिलं नाही. दुपारी नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. कर्नलसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी ये. अप्पा म्हणाले, जी. परतीच्या बसमध्ये दशम्यांचं फडकं माझ्या मांडीवर होतं. मी एक दशमी त्यांना दिली. त्यांनी ती हातात धरली, आणि चिखली येईपर्यंत ती तशीच त्यांच्या हातात होती. घरी कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीची पुकपुक झाली, पण अंगणात वाटी वाजली नाही. अप्पा दाढी न करताच शेतात गेले होते.

ते पुन्हा ई-क्लासवर आले नाहीत. मायने सारवणंही थांबवलं. पण मला कोणी जायला मना केलं नव्हतं, म्हणून मी जात राहिले. आता कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. हात मोकळे राहिले की वाईट वाटायचं एवढंच. पुढे माझं लग्न त्याच वरवट बकालच्या घरी झालं, आणि ते यथासांग झालं. नवऱ्याने मला शिकू दिलं, मी मास्तरीण झाले, मुलं मार्गी लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. संच लग्नाआधीच कर्नलसाहेबांकडे परत गेला. अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्याजवळ होते. आम्ही पावसापाण्याचं बोललो, नातवंडांचं बोललो. त्या दिवसाचं एक अक्षर नाही. मला लिहायची आहे ती लग्न ठरण्याच्या आधीची एक दुपार.

फाल्गुन असेल, कारण पळस फुलला होता. मी सातने मारत होते. मनात काहीच नव्हतं. आणि एक चेंडू सरळ गेला. मी दुसरा ठेवला, तोही गेला. मग लक्षात आलं की मी वाकत नाही आहे. ताठ उभी आहे, आणि हात आपले आपण, कोणाला न विचारता, जिथे जायला हवेत तिथे जात आहेत. दांडी वाकत होती, पण आता मी तिची वाट बघत होते. तो टिंग आवाज मला पहिल्यांदा गोड लागला. पिशवीतले सगळे चेंडू मारले, वेचून आणले, पुन्हा मारले. सगळे झेंड्याकडे. हात बसला होता. मी ओढणी कमरेला खोचली आणि सात घेऊन घराकडे पळत सुटले, अप्पांना बोलवायला. पिशवी तिथेच राहिली.

ओसरीत दोन पाहुणे बसले होते. वरवट बकालहून दुपारच्या बसने आलेले, मुलाचे काका आणि आणखी एक गृहस्थ. आत्या दाराशी उभी. मी घामेजलेली, धापा टाकत, हातात लोखंडी दांडा घेऊन उंबऱ्यात थांबले. काकांनी हसून विचारलं, "काय वं पोरी, हे काय हाय हातात?"

मी तोंड उघडायच्या आधी अप्पा म्हणाले, "काठी हाय. इकडं कुत्रे लय झाले. शेताकडं जाते पोट्टी, म्हनून देल्ली."

"लोखंडाची?"

"हाव. मजबूत असते."

काका म्हणाले, बरं केलं. मी आत गेले. माय पोह्यांना फोडणी देत होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातला सात घेतला, पदराने त्याचा फाळ पुसला आणि तो कणगीमागे उभा करून ठेवला. मग म्हणाली, "तोंड धू, पानी न्याचं हाय पाव्हन्यायले."

पाहुणे संध्याकाळच्या बसने गेले. आत्या खूश होती. जेवताना ती त्यांचंच बोलत होती. काकांचं बोलणं कसं, घरात म्हशी किती. भाकरी होती आणि वांग्याची भाजी. अप्पा माझ्या शेजारच्या पाटावर होते. आत्या पाणी आणायला उठली तेव्हा त्यांनी ताटावरून नजर न उचलता विचारलं,

"सात होता काय?"

"हाव."

"डाव्या अंगालेच जाऊन राह्यला का?"

"नाई अप्पा," मी म्हणाले, "सरळ."

त्यांचा हात थांबला. "किती?"

"सगळेच."

आत्या तांब्या घेऊन आली. अप्पा मायला म्हणाले, "मीठ दे वं." मायने मिठाचं भांडं पुढे सरकवलं. भाजीत मीठ बरोबर होतं. आम्ही सगळे तीच भाजी खात होतो. अप्पांनी चिमूट भरून मीठ वरून घातलं, नीट कालवलं, आणि ती खारट भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.